जादा तास कुणासाठी?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या शाळेत जादा तास होतात. दिवाळीची सुट्टी संपली की शिष्यवृत्तीची बॅच सकाळी तासभर आधी येऊ लागते, नवोदयला बसलेली मुलं शाळा सुटल्यावर थांबतात, दहावीच्या वर्गाला तर रविवारही उरत नाही. शिक्षक हे तास बहुधा फुकट घेतात आणि मनापासून घेतात. पदरमोड करून सरावसंच आणतात, उत्तरपत्रिकेवरचे गोल नीट रंगवायची सवय करून घेतात, परीक्षेच्या दिवशी मुलांना जीपमध्ये घालून केंद्रावर नेऊन सोडतात. निकाल लागला की शाळेच्या दर्शनी भिंतीवर फोटोंसकट फलक लागतो, ग्रामपंचायत सत्कार करते आणि पुढच्या जूनमध्ये पट टिकवायला त्या फलकाचा उपयोगही होतो.

तेव्हा ‘जादा मदत द्यायला आमच्याकडे वेळ नाही, माणसं नाहीत’ हे शाळांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. जादा मदत कशी द्यायची हे आपल्या शाळांना चांगलं ठाऊक आहे. मुलाला नेमकं काय येत नाही ते हुडकायचं, त्याच पातळीची उदाहरणं द्यायची, गट लहान ठेवायचा, रोज सराव घ्यायचा, आठवड्याला चाचणी घ्यायची, पालकांना बोलावून सांगायचं. उपचारात्मक अध्यापनाच्या प्रशिक्षणात याहून वेगळं काही शिकवत नाहीत. फक्त आपल्याकडे हे सगळं ज्याला त्याची सर्वांत कमी गरज आहे त्याच्या वाट्याला येतं. तिसरीत गेल्यावरही ज्याला काना-मात्रा जुळवून शब्द वाचता येत नाही, त्याच्या प्रगतिपुस्तकात वर्षातून दोनदा ‘वाचनाचा सराव आवश्यक’ असा शेरा पडतो. तो सराव कुणी, कधी, कुठे घ्यायचा हे शेऱ्यात नसतं.

शिष्यवृत्तीच्या तासांवर माझा राग नाही. पूर्वी चौथी-सातवीला आणि २०१६-१७पासून काही वर्षं पाचवी-आठवीला झालेल्या या परीक्षेने शिकवणी लावायची ऐपत नसलेल्या घरांतली कितीतरी मुलं पुढे आणली. ते तास बंद करा असं कुणी म्हणू नये. वाद आहे तो शाळेतल्या सर्वांत चांगल्या शिक्षकावर आणि दिवसातल्या सर्वांत चांगल्या वेळेवर पहिला हक्क कुणाचा, याबद्दल. हा हक्क मागे राहिलेल्या मुलाचा आहे आणि तो त्याला शाळेच्या वेळापत्रकातच मिळायला हवा, असं माझं म्हणणं आहे. शाळा सुटल्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत, एखाद्या संस्थेच्या ताईंच्या सवडीने मिळणारी मदत वाईट नसते. पण तिच्यावर विसंबून राहिलेल्या शाळांत मागे पडलेली मुलं मागेच राहिलेली दिसतात.

मागे राहिलेली मुलं म्हणजे वर्गातली दोन-चार, असा एक समज असतो. ‘असर’ची पाहणी २००५पासून देशाच्या ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देते. २०२४च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकली ती २३.४ टक्के. २०२२मध्ये, कोविडच्या टाळेबंदीनंतर, हाच आकडा १६.३ होता, त्या मानाने ही सुधारणा मोठीच म्हणायची. सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी तोच उतारा वाचता आला ४४.८ टक्क्यांना. म्हणजे पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीचं पुस्तक सरळ वाचू शकत नाहीत आणि त्यांच्यापुढे पाचवीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलेलं असतं. ज्या वर्गात निम्म्यांना मदतीची गरज आहे तिथे ‘जादा’ मदतीला जादा म्हणण्यातही फारसा अर्थ राहत नाही. ते वर्गाचं मुख्य काम झालेलं असतं.

या प्रश्नावर जगातला एक महत्त्वाचा प्रयोग मुंबईतच झाला, याची आठवण मराठी शाळांमध्ये फारशी निघत नाही. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. त्याच वस्तीतली, बहुधा दहावी-बारावी शिकलेली तरुणी. तिला थोडे दिवस प्रशिक्षण आणि अगदी किरकोळ मानधन. तिसरी-चौथीतली जी मुलं पहिली-दुसरीचंच वाचू-मोजू शकत नव्हती त्यांतली पंधरा-वीस मुलं ती वर्गातून बाहेर घेई आणि व्हरांड्यात, जिन्याखाली, मिळेल त्या जागी दोन तास मूळ गोष्टी शिकवी. मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाचं २००१ ते २००३ या काळात काटेकोर मोजमाप झालं. ते करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९मध्ये दोघांना मायकल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मराठी, हे आवर्जून छापलं. जिन्याखालच्या त्या वर्गांबद्दल त्या मानाने कमी छापलं गेलं.

मोजमापातून दिसलं ते असं. बालसखीकडे गेलेली मुलं स्पष्टपणे सुधारली. पण त्याच वेळी मागे वर्गात राहिलेल्या मुलांना, वर्ग निम्मा रिकामा होऊनही, काहीच फायदा झाला नाही. हा दुसरा निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो. पटसंख्या कमी केली, शिक्षकाला मोकळा श्वास दिला, की शिकवणं आपोआप सुधारतं, असं आपण धरून चालतो. तसं झालं नाही. पगारी, डीएड झालेला शिक्षक पाठ्यपुस्तकाचं पुढचं पान उलटत होता. तुटपुंज्या मानधनावरची मुलगी मूल जिथे होतं तिथून सुरुवात करत होती. कौशल्यात ती शिक्षकाहून वरचढ होती असं नव्हे. तिच्या डोक्यावर पोर्शन संपवायची टांगती तलवार नव्हती, एवढंच.

यानंतरचे अनुभव आणखी शिकवणारे आहेत. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली ती वाचायला लागली, पण आली फार थोडी. दिवसभर शाळेत बसून काही न समजलेलं मूल संध्याकाळी पुन्हा कशाला येईल? बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरात हे काम केलं. तिथे मुलं सुधारली, म्हणजे शिक्षकांना हे जमतं हे सिद्ध झालं. जून उजाडून शाळा सुरू झाली आणि तेच शिक्षक, तीच मुलं पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे वळली. सुधारणा थांबली. हरियाणात मात्र रोजच्या वेळापत्रकातच एक वाढीव तास यासाठी राखून ठेवला, त्या तासात तिसरी ते पाचवीच्या मुलांची इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट केले आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी त्या तासाला येऊन बसायचं ठरलं. तिथे भाषेत फरक पडला. तेव्हा काम वेळापत्रकात असणं आणि ते बघायला वरचा माणूस येणं, या दोन गोष्टींवर सगळं अडलेलं आहे.

हे आपल्या कायद्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं २४वं कलम शिक्षकाची कर्तव्यं सांगतं. त्यातलं एक, ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं. त्याच्याच खालचं, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे पूरक शिक्षण देणं. दोन्ही वाक्यं एकाखाली एक छापलेली आहेत आणि वर्गात ती एकमेकांच्या आड येतात. पहिलं कर्तव्य तपासता येतं. दैनिक टाचण, मासिक नियोजन, वहीतल्या तारखा बघितल्या की कळतं. दुसरं तपासायचं तर मुलाला जवळ बोलावून वाचायला लावावं लागतं. भेटीला आलेले साहेब पहिलं तपासून जातात, आणि शिक्षकही शहाणे असतात, जे तपासलं जातं ते ते करतात. अभ्यासक्रम वेळेवर सुटलेल्या एसटीसारखा निघून जातो. थांब्यावर किती माणसं राहिली याची नोंद वाहकाच्या कागदात नसते.

याच कायद्याचं २८वं कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं आणि २७वं कलम जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज इतर बिगरशैक्षणिक कामं लावू नयेत असं सांगतं. पण ‘निवडणूक’ या एका अपवादात मतदारयादीचं वर्षभराचं काम मावतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून घरोघर फिरणाऱ्या शिक्षकाला वाचनाचा तास कधी घेणार असं विचारायला तोंड लागतं, आणि ते तोंड सरकारकडे नाही.

आता तो तास म्हणजे प्रत्यक्षात काय, याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे. मदत, आधार, प्रोत्साहन हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांच्याआड काहीच न करता राहता येतं. मराठी वाचायला शिकणारं मूल ठरावीक जागी अडतं. मुळाक्षरं सुटी सुटी ओळखता येतात पण ‘कमल’ वाचताना ‘क… म… ल…’ असं म्हणून थांबतं, शब्द जुळत नाही. दुसरं स्वरचिन्हांवर अडतं. इ आणि ई, उ आणि ऊ सोडा, ‘के’ आणि ‘को’ यांतच गोंधळतं. तिसऱ्याला हे सगळं येतं, पण जोडाक्षर आलं की ते शब्द अंदाजाने ठोकून देतं. त्यातही र हा एकटाच निरनिराळ्या वेषांत येतो. ‘अर्क’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायाशी, ‘राष्ट्र’मध्ये आणखी वेगळा, ‘तऱ्हा’मध्ये अर्धवट. चौथ्या मुलाला सगळं वाचता येतं पण इतकं सावकाश, की वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटलेली असते.

ही चार मुलं एकाच बाकावर बसतात आणि शाळेच्या भाषेत चौघंही ‘अप्रगत’. चौघांना एकत्र बसवून बाराखडी घोटून घेतली तर पहिल्या दोघांना थोडा उपयोग, तिसऱ्याला कंटाळा, चौथ्याचा अपमान. त्यांना हवं असलेलं काम वेगवेगळं आहे आणि तरी ते मुळीच अवघड नाही. पहिल्याला चार-पाच अक्षरांत बनणारे वीस शब्द, चौथ्याला रोज एकच गोष्ट तीनदा मोठ्याने वाचायला. कोण कुठे अडतं हे ठरवायला एक कागद आणि प्रत्येक मुलामागे थोडी मिनिटं पुरतात.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हे काम अनेक वर्षं केलं. जन्माने अमेरिकन, मराठीच्या अभ्यासासाठी आलेल्या आणि पुढे भारतीय नागरिक झालेल्या या बाईंच्या लक्षात आलं, की दलित वस्तीतली मुलं शाळेत जातात, वर्षं काढतात, पण वाचत नाहीत. मग अक्षरं क ते ज्ञ या क्रमाने संपवून नंतर स्वरचिन्हांकडे वळायचं ही रूढ वाट त्यांनी सोडली. थोडी अक्षरं, लगेच त्यांना लागणारी स्वरचिन्हं, लगेच अर्थ असलेले शब्द, अशी मांडणी केली. त्यांच्या संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा अजून चालते. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका भाषाशास्त्रज्ञाने पहिलीच्या वाचनावर आयुष्यातली इतकी वर्षं घालवावीत असं तिला वाटलं. आपल्याकडे उलट असतं. अनुभवी शिक्षकाला दहावीचा वर्ग, नव्या किंवा नकोशा शिक्षकाला पहिली-दुसरी. पहिलीच्या वर्गावर बदली म्हणजे मानाने एक पायरी खाली, असा समज शिक्षकांच्या खोलीत सर्रास आढळतो.

पातळीप्रमाणे गट करायचे म्हटलं की एक रास्त आक्षेप येतो. मोठ्या हायस्कुलांत ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी ढ पोरांची, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. ‘ड’ तुकडीत गेलेला मुलगा वर्षभर त्याच भिंतींत राहायचा, त्याच्या वर्गावर कंटाळलेला शिक्षक यायचा, आणि सहामाहीला त्याची पातळी बदलली तरी तुकडी बदलायची नाही. ती पद्धत परत आणायची का? अजिबात नको. पण दिवसातला एक तास, तोही वाचनापुरता, तिसरीतली मुलगी पाचवीतल्या मुलाशेजारी बसून एकच गोष्ट वाचते आणि महिन्याभराने तिचा गट बदलतो, ही व्यवस्था त्या तुकडीपेक्षा वेगळी आहे. तुकडी मुलाला पक्का शिक्का देते. गट एका कामापुरता असतो आणि काम झालं की मोडतो. अर्थात गट मोडलाच नाही, जूनमध्ये केलेला मार्चपर्यंत तसाच राहिला, तर ती तुकडीच झाली. यावर लक्ष ठेवायला परिपत्रक पुरणार नाही, मुख्याध्यापकच लागतो.

वेगळं काढलं जाण्याच्या लाजेचा प्रश्न फिनलंडने वेगळ्या अंगाने सोडवला. तिथे विशेष शिक्षकाकडे आठवड्यातले काही तास जाऊन येणाऱ्या मुलांचं प्रमाण पाचातल्या एकाहून जास्त राहिलं आहे, आणि त्यासाठी कुठल्या डॉक्टरांचा दाखला लागत नाही. इतकी मुलं जाऊन येत असतील तर जाण्याची लाज वाटायचं कारण उरत नाही.

आपली चर्चा मात्र दाखल्यापाशी आणि पास-नापासापाशी अडकलेली असते. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करायला बंदी केली, तेव्हा पालक आणि शिक्षक दोघांनीही ‘धाक गेला’ अशी तक्रार केली. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने २०२३मध्ये नियम बदलून ती वापरायचं ठरवलं. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन, मग फेरपरीक्षा, मग गरज पडली तर त्याच वर्गात ठेवणं असा तो क्रम आहे. यातली परीक्षा होते, फेरपरीक्षा होते. मधल्या जादा मार्गदर्शनाचं काय होतं? ते होणार उन्हाळ्याच्या सुट्टीत. पाच वर्षांत जे झालं नाही ते दोन महिन्यांत, तेही शाळा बंद असताना. वर ढकलणं आणि मागे ठेवणं या दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांच्याही योजनेत ते मूल उद्या सकाळी अकरा वाजता काय वाचणार, हे नसतं.

दाखल्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्राला या बाबतीत श्रेयही दिलं पाहिजे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय इथे १९९६मध्ये झाला, केंद्राच्या कायद्याने या अक्षमतेची दखल घेण्याच्या वीस वर्षं आधी. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. सायनच्या महापालिका रुग्णालयात अशा मुलांच्या चाचण्या होऊन दाखले मिळू लागले. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, एखाद्या भाषेतून सूट, यांमुळे जी हुशार मुलं निव्वळ लिहिण्याच्या अडचणीपायी दहावीला आपटली असती ती निभावली. २००७च्या ‘तारे जमीन पर’नंतर तर डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत गेला. (त्या चित्रपटातही निकुंभ सर मुख्याध्यापकांची परवानगी काढून ईशानला वेगळा वेळ देतात. शाळेच्या वेळापत्रकात मात्र काही बदलत नाही, आणि आपलं समाधान व्हायला ईशानला चित्रकलेची स्पर्धा जिंकावी लागते.)

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. कायदा चांगला आहे. पण दाखल्याची वाट कुणाला चालता येते? त्यासाठी आधी पालकाला शंका यावी लागते, मग जिल्ह्याच्या किंवा मुंबई-पुण्याच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात, मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्या द्याव्या लागतात. चाचण्याही फार काळ इंग्रजी माध्यमाच्या मुलाला सोयीच्या होत्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा जो चाचणीसंच तयार केला त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठी आली ती २०१५च्या सुमारास. परिणामी एकच अडचण असलेल्या दोन मुलांपैकी दादरच्या मुलाला डिस्लेक्सिया असतो आणि किनवटच्या मुलाला अभ्यासात गती नसते.

आणि ज्याला दाखला मिळाला त्याला तरी काय मिळतं? सवलत मिळते, शिकवणं मिळतंच असं नाही. दहावीच्या परीक्षेत तासामागे जादा मिनिटं हा त्याचा हक्क आहे, तो मिळालाच पाहिजे. पण दुसरीत असताना त्याला वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवणं हाही हक्क होता, आणि तो कुणी दिला नाही म्हणून दहावीत लेखनिक लागतो आहे, असं कितीतरी मुलांच्या बाबतीत म्हणता येईल. सगळ्यांच्या नव्हे. काहींना कितीही चांगलं शिकवलं तरी लिहिणं जड जाणारच आहे. पण खरी अक्षमता आणि न शिकवल्यामुळे राहिलेली उणीव यांतला फरक ओळखायचा तर आधी नीट शिकवून बघावं लागतं. ते न करता दाखला मागणं म्हणजे मुलाच्या डोक्यात दोष शोधून शाळेने मोकळं होणं.

विशेष शिक्षकांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये, रजनीश कुमार पांडे यांच्या खटल्यात, विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून देण्याचा आदेश केंद्राला दिला, आणि पुढे केंद्राने प्राथमिकला दहा आणि उच्च प्राथमिकला पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. प्रत्यक्षात हे काम वर्षानुवर्षं कंत्राटी लोकांवर चाललं, आणि एकेका शिक्षकाकडे अनेक शाळा. पंधरवड्यातून एकदा येणारे सर ब्रेल शिकवणार कसे? पदं भरलीच पाहिजेत. मात्र एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. विशेष शिक्षक नेमला की वर्गशिक्षक त्या मुलाला ‘तुमचं मूल’ म्हणू लागतो. अंध मुलीला ब्रेल, कर्णबधिर मुलाला सांकेतिक भाषा हे तज्ज्ञाचं काम. पण तिला बाकावर कुठे बसवायचं, फळ्यावरचं मोठ्याने वाचून दाखवायचं, सहलीला न्यायचं की नाही, हे वर्गशिक्षकाचंच काम आहे आणि त्याला कुठली पदवी लागत नाही.

काही मुलांच्या बाबतीत तर मुलात काही उणीव नसतेच, शाळेचं कॅलेंडर चुकलेलं असतं. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातलं मूल दिवाळीच्या आसपास गाव सोडतं आणि गळीत हंगाम संपल्यावर, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर परततं. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेता येईल असं शिक्षण हमी कार्ड निघालं. पण गावात आजीजवळ राहायचं की आईबरोबर फडात जायचं याचा निर्णय सात वर्षांच्या मुलासाठी शाळा करू शकत नाही, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण लागतेच. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं आणि पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तकासमोर बसतं. त्याला शिक्षकाचं बोलणं कळत नाही, शिक्षकाला त्याचं. दोन वर्षांनी नोंद होते ती मुलाच्या मतिमंदपणाची, शिक्षकाच्या कोरकू न येण्याची नव्हे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना कोसबाडच्या टेकडीवर असाच पेच पडला होता. वारल्यांची मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. मुलांना आणायला माणसं पाठवून झाल्यावर या बाईंनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलं त्यांच्यावर नजर ठेवून शिकताहेत. कुरणशाळेचं आपण कौतुक खूप केलं, अनुताईंचे फोटो लावले, पण त्यातला उघड मुद्दा शिक्षण खात्याने कधी मनावर घेतला नाही. तिथे मुलाला शाळेच्या वेळेत बसवण्याऐवजी शाळेने आपली वेळ आणि जागा बदलली होती.

खरं तर महाराष्ट्राकडे आज यासाठी एक सोय आपोआप तयार आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या, एक-दोन शिक्षकांच्या हजारो जिल्हा परिषद शाळा. तिथे चार इयत्ता एका खोलीत बसतात, शिक्षकाला मुलाचं घर, बोली, आजारपण सगळं माहीत असतं आणि इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवायला भिंत पाडावी लागत नाही. पण या शाळांकडे आपण ओझं म्हणूनच बघतो. २०२३मध्ये पानशेत आणि तोरणमाळ इथल्या नमुन्यावर लहान शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांची कल्पना पुढे आली, ती याच नजरेतून. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा येईल, मैदान येईल, हे खरं. पण बसने दहा किलोमीटर जाणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला, ती आज आली नाही हे लक्षात येणारं माणूस तिथे असेलच असं नाही.

मोजमापाची तर आपल्याकडे कमतरताच नाही. पायाभूत चाचणी, संकलित मूल्यमापन एक, संकलित मूल्यमापन दोन, त्यांचे गुण पोर्टलवर. वरून जिल्हावार आलेख निघतात. पण जुलैत भरलेल्या गुणांवरून ऑगस्टमध्ये कुठला गट कुठे बसला, असं शाळेला कुणी विचारत नाही. २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या मोहिमेने निदान एक गोष्ट अधिकृतपणे मान्य केली, की तिसरीपर्यंत वाचता येणं हे सगळ्याच्या आधी. उद्दिष्ट २०२६-२७चं ठेवलं. उद्दिष्ट ठेवणं सोपं असतं, कारण त्यासाठी कुणाला काही सोडावं लागत नाही.

सोडावं लागणार आहे. रोजचा पहिला तास, परिपाठानंतरचा, डोकी ताजी असतानाचा, तिसरी ते पाचवीत वाचन आणि अंकगणिताच्या गटांना दिला, तर आठवड्याला सहा तास गेले. तेवढा परिसर अभ्यास, तेवढे इंग्रजीचे धडे राहणार. मार्चमध्ये तपासणीला शेवटचे चार धडे कोरे दिसणार. शिक्षकांना हे नीट कळतं आणि म्हणूनच ते प्रशिक्षणात मान डोलवून वर्गात जुनंच करतात. ‘मुलांच्या गतीने शिकवा’ असं तोंडी सांगणारे साहेब पुष्कळ आहेत. धडे राहिले तरी चालतील, कोणते राहिले तरी चालतील, आणि त्याबद्दल नोटीस निघणार नाही, हे मात्र कागदावर यावं लागेल, मंत्रालयातून, शासन निर्णयाच्या क्रमांकासह. त्याच कागदात केंद्रप्रमुखाने भेटीच्या दिवशी टाचणवही न मागता मागच्या बाकावरच्या पाच मुलांना वाचायला लावावं, आणि त्या पाचांची नावं पुढच्या भेटीला पुन्हा तपासावीत, एवढं आलं तरी पुष्कळ शाळांमध्ये पहिल्या तासाचा शिक्षक बदलेल.